तंबाखूच्या बारापासून जनुकापर्यंत : मुंबईतील मुखकर्करोग संशोधनाचा इतिहास

मुखकर्करोग हा ओठ, जीभ, गाल, हिरड्या आणि टाळू यांच्या आतल्या अस्तरातून सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा जिभेवर आणि जिभेखालच्या भागात आढळतो. मुंबईत मात्र गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच ही त्याची नेहमीची जागा आहे. तळहातावर चुन्यात मळलेल्या तंबाखूचा बार तासन्‌तास याच खाचेत धरला जातो. सवयीची जागा आणि गाठीची जागा एकच का, या प्रश्नाचा शोध मुंबईत सुमारे सत्तर वर्षे टप्प्याटप्प्याने घेतला गेला.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये मुंबईतल्या सलग 1,000 मुखकर्करोग रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. 1952 मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. 1955 मध्ये एल. डी. सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू खाणे आणि ओढणे यांचा हिशेब वेगवेगळा मांडला. तंबाखू खाण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी, तर बिडीचा घशाकडच्या भागातल्या कर्करोगाशी दिसला. तंबाखू शरीरात कोणत्या वाटेने जाते त्यावर रोगाची जागा ठरते, हे त्यातून पुढे आले.

याच वर्षांत शहराची हद्द वाढत होती. 1950 मध्ये ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातले कारखाने आणि अंधेरीची मरोळ औद्योगिक वसाहत यांनी कामगारांची वस्ती उपनगरांकडे ओढली. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या या कुटुंबांबरोबर तंबाखूच्या सवयीही आल्या. पुरुषांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असे, तर बायकांकडे मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी ती बोटाने दातांना लावायची, अशी ही घरगुती रीत. दात घासण्यापुरती घेतलेली चिमूट पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागू लागे. तंबाखूचे व्यसन म्हणून तिची गणना घरात सहसा होत नसे.

रुग्णालयातल्या आकड्यांवरून शहरातल्या रोगाचे प्रमाण काढता येत नव्हते, कारण टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येत. ही अडचण 1963 मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदवहीने दूर केली. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केलेली, लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातली पहिली नोंदवही. कर्मचारी रुग्णालयांत जाऊन केसपेपर पाहत, मृत्युनोंदींशी पडताळणी करत आणि बाहेरगावचे रुग्ण वगळून शहरातल्या रहिवाशांचीच नोंद घेत. नोंदवही बृहन्मुंबईची असल्याने अंधेरी, बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंडचे रुग्ण पहिल्यापासून तिच्या गणतीत आले.

संबंध सिद्ध झाला तरी तंबाखू पेशीत नेमके काय करते, हे कळायचे होते. त्यासाठी आधी तिची रासायनिक तपासणी झाली. पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यातल्या निकोटीनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसअमाइन तयार होतात. एनएनएन आणि एनएनके ही त्यांतली सर्वांत घातक. शरीरातली विकरे त्यांचे रूप बदलतात आणि बदललेले रेणू डीएनएला चिकटतात. पेशी विभागताना त्या जागी चुकीचे अक्षर उतरले की बदल कायमचा होतो. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते, म्हणून निकोटीन झपाट्याने रक्तात भिनते. अस्तराचा दाहही होत राहतो. परळच्या संस्थेत सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात भारतीय तंबाखूतले नायट्रोसअमाइन मोजले आणि मशेरीही तपासली. मशेरीचा अर्क जनुकीय बदल घडवतो आणि प्राण्यांमध्ये गाठी निर्माण करतो, असे या प्रयोगांत आढळले.

रुग्णाच्या गाठीतले जनुक वाचण्याचा टप्पा 1991 मध्ये आला. धनंजया सारनाथ आणि सहकाऱ्यांनी तंबाखू खाणाऱ्या 57 भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांतल्या 20 गाठींमध्ये, म्हणजे 35 टक्क्यांत, एच-रास जनुकाच्या 12 व्या किंवा 61 व्या संकेतस्थानी बदल सापडला. या जनुकाचे प्रथिन पेशीला वाढीचा आदेश देते आणि काम झाले की थांबते. या दोन जागी बदल झाला तर ते थांबत नाही. पाश्चात्त्य रुग्णांच्या गाठींत हा बदल क्वचित दिसत होता, त्यामुळे तंबाखू खाण्याची खूण गाठीच्या जनुकातही उमटते, या शक्यतेला बळ मिळाले.

तंबाखूच्या जोडीला सुपारीही होतीच. तिच्यातल्या अरेकोलिनमुळे अस्तराखालच्या पेशी जास्त कोलॅजन तयार करतात, तर तिच्यातल्या तांब्यामुळे कोलॅजनचे धागे घट्ट बांधणारे विकर जोर धरते. गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, तिखट झोंबते आणि हळूहळू तोंड दोन बोटेही उघडत नाही. या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्येच केले होते. पुढे गुटख्याने सुपारी आणि तंबाखू एकाच पुडीत आणली. पुड्यांच्या माळा स्टेशनाबाहेरच्या टपऱ्यांवर लटकू लागल्या आणि हा विकार तरुणांत दिसू लागला. महाराष्ट्राने 2002 मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये रद्द ठरवली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्रंथमालेत, तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. राज्यात 2012 मध्ये पुन्हा बंदी आली, या वेळी अन्नसुरक्षा कायद्याखाली.

दरम्यान परळची संशोधन संस्था खारघरला जाऊन ॲक्ट्रेक या केंद्राचा भाग झाली. ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जीववैद्यकीय जीनोमिकी संस्था यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताच्या वतीने गाल-हिरडीचाच कर्करोग निवडला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टीपी53, फॅट1, कॅस्प8, एच-रास आणि नॉच1 या जनुकांत वारंवार बदल दिसले. टीपी53 डीएनए बिघडलेल्या पेशीची विभागणी रोखते, कॅस्प8 निकामी पेशीला मरणाच्या वाटेवर नेते आणि नॉच1 अस्तरातल्या पेशींना परिपक्व होण्यास मदत करते. शिवाय यूएसपी9एक्स, एमएलएल4, एआरआयडी2, यूएनसी13सी आणि टीआरपीएम3 या पाच जनुकांतले बदल या रोगाच्या संदर्भात नव्याने समोर आले.

रोगाचे निदान मात्र आजही गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते आणि उपचाराचा मुख्य आधार शस्त्रक्रिया हाच आहे. जनुकांची यादी हाती आल्यामुळे गाठींचे उपप्रकार पाडणे आणि औषधांसाठी नवी लक्ष्ये शोधणे शक्य झाले आहे. पण यांतले कितीतरी बदल सुरू करणारी द्रव्ये बाहेरून, चिमटीने तोंडात जातात. म्हणून प्रयोगशाळेतल्या या शोधानंतरही तंबाखू-सुपारी सोडवणे आणि गालातला पांढरा चट्टा वेळीच दाखवायला लावणे हेच प्रतिबंधाचे पहिले काम राहिले आहे.