‘आधी या, परवाना नंतर पाहू’ : परदेशात शिकवायला जाणाऱ्यांनी काय तपासावे?

खडकी : ‘पर्यटक व्हिसावर या, शाळेत रुजू व्हा, कामाचा परवाना महिनाभरात करून देऊ.’ परदेशातील शिक्षकाच्या नोकरीसाठी चौकशी करणाऱ्याला असे आश्वासन देणारा मध्यस्थ भेटला, तर त्याने तेथेच थांबावे. या एका वाक्यावर विसंबून विमानात बसलेला शिक्षक परक्या देशात पहिला तास घेतो, त्याच क्षणी त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने बेकायदा कामगार ठरतो. त्याची पदवी खरी असते, शाळाही खरी असते आणि पासपोर्टवरचा शिक्काही खरा असतो. नसतो तो फक्त काम करण्याचा परवाना.

लष्करी छावणी, दारूगोळा कारखाना आणि जुन्या शाळांच्या आधाराने वाढलेल्या खडकीत बी.एड. झालेल्या तरुण-तरुणींपुढचा नोकरीचा प्रश्न उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळा नाही. राज्यात शिक्षण सेवकांचे मानधन २०२३ मध्ये वाढवण्यात आले. त्यापूर्वी प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरावर ते अनुक्रमे ६ हजार, ८ हजार आणि ९ हजार रुपये होते. ते १६ हजार, १८ हजार आणि २० हजार रुपये झाले. विनाअनुदानित शाळांत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना तेवढ्याचीही शाश्वती नसते. अशा वेळी दुबई, बँकॉक किंवा शांघायच्या शाळेचे नाव कानावर पडले, की मोह होणे स्वाभाविक आहे.

परदेशात शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी मेक्सिकोतील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले. इथिओपियातील शाळांमध्ये भारतीय शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. मात्र, तेथे नेमणूक करणारी संस्था आणि शिक्षक यांचा संबंध थेट होता. आता या दोघांच्या मध्ये मध्यस्थ आला आहे आणि अडचणीचे मूळ बहुधा तेथेच असते.

परवानगी एक नव्हे, तीन

परदेशात शिकवण्यासाठी साधारणपणे तीन स्वतंत्र परवानग्या लागतात. पहिली प्रवेशाची, म्हणजे व्हिसा. दुसरी कामाची, म्हणजे वर्क परमिट. तिसरी अध्यापनाची, म्हणजे त्या देशातील शिक्षण खात्याची किंवा शिक्षक परिषदेची मान्यता. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. भारतासह काही देशांतील शिक्षकांना तेथील ‘पात्र शिक्षक’ दर्जासाठी अर्ज करण्याची सोय फेब्रुवारी २०२३ पासून झाली. भारतीय अर्जदारांसाठी ती ११ ते १६ वर्षे वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती होती. हा दर्जा मिळाला म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात नोकरीसाठी प्रायोजक शाळा आणि कुशल कामगार व्हिसा वेगळाच लागतो.

वर्क परमिट बहुतेक देशांत ठरावीक मालकाशी आणि ठरावीक कामाशी बांधलेला असतो. एका शाळेच्या परवान्यावर आलेल्या शिक्षकाने परस्पर दुसऱ्या शाळेत तास घेतले किंवा संध्याकाळी घरी शिकवण्या सुरू केल्या, तर वैध परवाना जवळ असूनही तो नियमभंग ठरू शकतो.

देश तसे नियम

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही. परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकांसाठीचा दंड २०२४ मध्ये वाढवून किमान १ लाख ते कमाल १० लाख दिरहॅम करण्यात आला. यापूर्वी तो ५० हजार ते २ लाख दिरहॅम होता. दुबईच्या खासगी शाळांमध्ये शिक्षकाच्या नेमणुकीला तेथील शिक्षण प्राधिकरणाची मान्यताही लागते. घरगुती शिकवण्यांबाबत मात्र एक स्वागतार्ह बदल झाला. खासगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा विनाशुल्क परवाना देण्याची योजना डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. शाळांतील नोंदणीकृत शिक्षकांबरोबरच नोकरी नसलेल्या व्यक्ती आणि विद्यार्थी यांनाही अर्ज करण्याची मुभा त्यात ठेवण्यात आली. दुबई-शारजातील मराठी घरांत शेजारच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या गृहिणींसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

थायलंडने भारतीय पर्यटकांना जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. या सवलतीचा अर्थ ‘जाऊन नोकरी शोधा आणि लगेच शिकवा’ असा लावणे धोक्याचे आहे. अध्यापनासाठी तेथे नोकरीचा व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट लागते. २०१७ चा वटहुकूम आणि २०१८ ची दुरुस्ती यांनुसार परवान्याविना काम करणाऱ्याला ५ हजार ते ५० हजार बाथ दंड, हद्दपारी आणि दोन वर्षे नव्या परवान्यास बंदी अशी तरतूद आहे. मालकाला प्रत्येक कामगारामागे १० हजार ते १ लाख बाथ दंड होतो.

चीनमध्ये जुलै २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बेकायदा नोकरी करणाऱ्याला ५ हजार ते २० हजार युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असल्यास ५ ते १५ दिवस स्थानबद्धता होते. तेथे भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. त्यामुळे इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या भारतीयाला परवाना मिळणे मुळातच कठीण जाते. ‘बिझनेस व्हिसावर या’ असा सल्ला तेथे दिला जातो, तेव्हा त्यामागे हीच अडचण असू शकते. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवणी वर्गांवर कठोर निर्बंध घातल्यानंतर या क्षेत्राचा मोठा भागच कोसळला.

सिंगापूरमध्ये पासविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने बेकायदा काम करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. अशा कामातून मिळालेला पगार गुन्ह्यातून आलेली मिळकत म्हणून जप्तही होऊ शकतो. मालकांसाठीचा दंड तेथे फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५ हजार पौंडांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ६० हजार पौंडांपर्यंत नेण्यात आला.

अमेरिकेतील मराठी घरांचा प्रश्न

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. पती किंवा पत्नीच्या एच-१बी व्हिसामुळे एच-४ व्हिसावर गेलेल्या अनेक उच्चशिक्षित महिला गाणे, कथक, गणित किंवा मराठी शिकवू शकतात. केवळ एच-४ व्हिसावर मात्र मोबदला घेऊन काम करता येत नाही. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्या एच-१बी धारकांच्या जोडीदारांना रोजगार परवानगीपत्र देण्याची सोय मे २०१५ मध्ये झाली. ते हाती नसताना घरच्या घरी घेतलेल्या शिकवणीची फी, ती रोख असो वा भारतातील खात्यात जमा होणारी, पुढे व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात अडचण निर्माण करू शकते. शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत स्वयंसेवक म्हणून शिकवणे ही निराळी बाब. मात्र, ‘मानधन’ किंवा ‘भेट’ या नावाखाली नियमित रक्कम घेतल्यास ते स्वयंसेवेच्या व्याख्येत बसेलच असे नाही.

वैध परवाना शिक्षकाला काय मिळवून देतो, हेही अमेरिकेतच दिसले. मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या सरकारी शाळांनी परदेशातून एच-१बी व्हिसावर शिक्षक आणले आणि व्हिसा प्रक्रियेचा जो खर्च मालकाने करायचा, तो त्यांच्यावर टाकला. अमेरिकी कामगार खात्याने २०११ मध्ये या प्रकरणी कारवाई केली. हजाराहून अधिक शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत देण्याचे त्या व्यवस्थापनाला मान्य करावे लागले. लुइझियानात फिलिपिनो शिक्षकांकडून अवाच्या सवा शुल्क उकळणाऱ्या भरती संस्थेविरुद्ध २०१२ मध्ये ज्युरींनी ४५ लाख डॉलरचा निकाल दिला. हे शिक्षक दाद मागू शकले, कारण त्यांच्या नोकरीची अधिकृत कागदोपत्री नोंद होती. मेरिलँडच्या प्रकरणाला दुसरीही बाजू होती. व्यवस्थापनावर दोन वर्षांची बंदी आल्याने काही शिक्षकांच्या व्हिसाचे नूतनीकरण अडले. चूक मालकाची असली, तरी परवाना त्याच्या हातात असल्याने झळ शिक्षकालाही बसली.

परवान्याविना काम करणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. त्याचा पगार थकला, तर तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या बेकायदा कामाची कबुली देणे. बेजबाबदार मालकाला हे ठाऊक असते आणि त्याचाच तो फायदा घेतो.

शिक्षित असणे हीच अडचण

भारतातून परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा करण्यात आला. या व्यवस्थेत आखाती देश, मलेशिया, थायलंड आदी १८ देशांत कामासाठी जाणाऱ्या, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना प्रस्थानापूर्वी उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. त्यांचा करार, पगार आणि मालक यांची त्या वेळी तपासणी होते.

दहावी झालेल्यांना या मंजुरीतून सूट आहे. शिकलेला माणूस आपले हित पाहू शकेल, हे त्यामागचे गृहीतक. परिणामी, रियाधला जाणाऱ्या गवंड्याचा करार सरकारी अधिकारी पाहतो. त्याच विमानातील एम.एस्सी., बी.एड. शिक्षिकेचा करार मात्र तिच्याशिवाय कोणीच पाहत नाही. तिने तो पाहिला नाही, तर विमानतळावरही तिला कोणी थांबवणार नाही. या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र, कायदा कोणताही असो, शिक्षकाने स्वतः कागद तपासण्याला पर्याय नाही.

घरबसल्या शिकवणे

खडकीतील घरात बसून परदेशातील मुलांना ऑनलाइन शिकवण्यासाठी सर्वसाधारणपणे त्या देशाचा वर्क परमिट लागत नाही, कारण काम भारतात होते. मिळकतीवर येथे प्राप्तिकर भरावा लागतो. अर्थात, काही देश यावरही बंधने घालतात. चीनने २०२१ च्या निर्बंधांत देशाबाहेरील परदेशी शिक्षक शिकवणीसाठी नेमण्यास मनाई केली. उलट, पर्यटक किंवा एच-४ व्हिसावर परदेशात राहून तेथून पुण्यातील विद्यार्थ्यांना पैसे घेऊन शिकवणे हे अनेक देशांत त्या देशात केलेले काम समजले जाऊ शकते.

निघण्यापूर्वी हे तपासा

* व्हिसावर ‘नोकरी’ असा स्पष्ट उल्लेख आहे का? पर्यटक, व्हिजिट, बिझनेस किंवा विद्यार्थी व्हिसावर शिक्षकाची पूर्णवेळ नोकरी होत नाही.
* वर्क परमिटसाठी अर्ज कोण करणार, कधी करणार आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेले आहे का?
* शाळेचे नाव, पत्ता, विषय, पगार, तासिका, निवास आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख असलेला स्वाक्षरीचा करार भारतात असतानाच हाती आला आहे का?
* शाळेशी थेट संपर्क साधून नेमणुकीची खातरजमा केली आहे का? मध्यस्थाने दिलेल्या क्रमांकावर विसंबू नये.
* मध्यस्थाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे का? नोंदणीकृत मध्यस्थाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. रक्कम पावतीशिवाय देऊ नये.
* पदवी आणि बी.एड. प्रमाणपत्रांचे साक्षांकन झाले आहे का? भारत २००५ पासून ‘अपोस्टिल’ करारात आहे. सौदी अरेबियात डिसेंबर २०२२ पासून हा करार लागू झाला. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. या प्रक्रियेला वेळ लागतो. ‘दोन दिवसांत निघा’ म्हणणारा मध्यस्थ ती टाळत असतो.
* मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट मध्यस्थाकडे ठेवून येऊ नये. सर्व कागदांच्या प्रती घरच्यांकडे ठेवाव्यात.

अडकल्यास काय करावे?

परदेशात पोहोचल्यावर फसवणूक लक्षात आली, तर काम सुरू ठेवून ‘परवाना येईल’ याची वाट पाहू नये. बेकायदा कामाचा आणि मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा प्रत्येक दिवस अडचण वाढवतो. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाशी तातडीने संपर्क साधावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदवता येते. अडचणीतील भारतीयांना परत आणण्यासाठी दूतावासांकडे समुदाय कल्याण निधीही आहे. काही देश अधूनमधून माफी योजना जाहीर करतात. अमिरातीने सप्टेंबर २०२४ मध्ये अशी योजना सुरू करून मुदत उलटलेल्यांना दंडाशिवाय परतण्याची संधी दिली होती.

इकडे कुटुंबीयांनी जवळच्या पोलिस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी आणि मुंबईतील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयालाही कळवावे. जाहिरात, संदेश, पैसे दिल्याच्या नोंदी आणि व्हिसाची प्रत जपून ठेवल्यास तक्रारीला बळ मिळते. लोक काय म्हणतील या संकोचाने गप्प राहिल्यास तोच मध्यस्थ पुढच्या उमेदवाराला गाठतो.

परदेशातील वर्ग खुणावत असेल, तर जरूर जावे. मात्र, परवाना हाती येईपर्यंत येथली नोकरी सोडू नये आणि तिकीटही काढू नये. प्रामाणिक शाळा शिक्षकासाठी दोन महिने थांबते. जी थांबायला तयार नसते, तिच्याकडे परवाना देण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे.