कोरडवाहू शेतीची शंभर वर्षे : सोलापूर-विजापूरचा धडा

हवामानबदल हा शब्द आपल्या बोलण्यात अलीकडे आला. पण बेभरवशाच्या पावसाशी जुळवून घ्यायला शेतकऱ्याला मदत करण्याचा पद्धतशीर प्रयत्न आपल्या परिसरात शंभर वर्षांचा आहे. त्यात काय साधले, काय अडले आणि का अडले, हे पाहणे आज उपयोगाचे आहे. शेतकऱ्याला आज दिले जाणारे कितीतरी सल्ले 1930 च्या दशकातच सोलापूर आणि विजापूरच्या प्रक्षेत्रांवर तयार झाले होते.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खन आणि कर्नाटकाचे पठार होरपळून निघाले. 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्यानंतर 1883 चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि 1884 चा शेतकरी कर्ज कायदा झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेली ‘तगाई’ ती हीच. विहिरीला, बैलांना, बियाण्याला कर्ज मिळण्याची सोय झाली. परंतु जिथे विहिरीला पाणीच लागत नाही, त्या जिरायत रानात पीक कसे उभे राहावे, याचे उत्तर कर्जात नव्हते.

ते शोधण्याचे काम 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले. शेतकी खात्यातील ताम्हणे, कानिटकर यांसारख्या मराठी शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. 1928 च्या शेती विषयक रॉयल कमिशनच्या अहवालानंतर कामाला बळ मिळाले आणि 1933 पासून सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे उभी राहिली. पाठोपाठ बळ्ळारीजवळ हगरी, निजामाच्या राज्यात रायचूर आणि पंजाबात रोहतक येथेही केंद्रे निघाली. कानिटकरांनी या कामाचा आढावा घेणारा ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांतून जी पद्धत बसली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणतात. तिचे गणित सोपे आहे. शाळूची पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास होते आणि पुढे पीक वाढते ते बहुतांशी जमिनीत साठलेल्या ओलीवर. तेव्हा ओल साठवणे आणि ती पुरवून वापरणे, हेच सगळे कौशल्य. उतार पाहून समपातळीत बांध घालावेत, म्हणजे पाणी थांबून मुरते आणि माती वाहून जात नाही. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे. पावसाळ्यात पुन्हा पुन्हा कुळवून तण मारावे. बी कमी वापरून ओळींत अंतर जास्त ठेवावे, म्हणजे थोडी ओल थोड्या ताटांना पुरते. पुढे कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवावी, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही.

शास्त्र चोख होते, तरी ही संपूर्ण पद्धत गावोगाव पसरली नाही. दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दिला गेला. हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते. हेक्टरी दोन ते चार क्विंटल पिकणाऱ्या रानात या पद्धतीने वाढ मिळे ती सुमारे 15 ते 20 टक्के, म्हणजे हेक्टरी तीस ते ऐंशी किलो. त्यासाठी खोल नांगरटीला बैलांच्या जादा जोड्या हव्यात, खत हवे, बांधाला मजुरी हवी. पाऊस साफच गेला तर केलेला खर्चही गेला. शिवाय पाणी सातबारा पाहून वाहत नाही. वरच्या शेताला बांध नसेल तर खालच्याचा बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो.

याच्या उलट गोष्ट एका बियाण्याची. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम 35-1 हे वाण काढले गेले. भाकरी चांगली, कडबा भरपूर, कमी ओलीवर टिकणारे, आणि घरचे बी घरीच राखता येणारे. आजही सोलापूरपासून विजापूरपर्यंत ते पेरले जाते. शेतकऱ्याने ते नाकारले नाही, कारण त्यात घालवण्यासारखे फारसे काही नव्हते. सुपभर बी पेरून पाहता येत होते.

बांधाची अडचण सरकारला पुढे उमगली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने संपूर्ण क्षेत्राची एकत्र योजना आखण्याची वाट काढली. 1942-43 च्या दुष्काळात विजापूर जिल्ह्यात बांधबंदिस्ती हेच दुष्काळी काम झाले. मात्र खोल काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे समपातळी बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडे, भेगांतून बांधही फुटत. अशा जमिनीला पाणी हळूहळू बाहेर काढणारे उताराचे बांध हवेत, हे नंतर ठरले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. एकाच नावाच्या दुखण्याला दोन माणसांत दोन औषधे लागतात, हे आमच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात. जमिनीचेही तसेच म्हणायचे.

स्वातंत्र्यानंतर या कामाचे केंद्र हैदराबादला गेले. 1970 मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आणि 1985 मध्ये केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था तिथे उभी राहिली. 2011 पासून हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात निवडलेल्या गावांत अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आणि गावकऱ्यांच्या समित्या आहेत. विजापूरच्या नांगराला जे जमले नव्हते, ते गावाने मिळून करण्याची ही सोय आहे.

तिची गरज आता अधिक आहे. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. म्हणजे त्याच रानाला एकदा पाणी धरून ठेवायचे आहे आणि एकदा बाहेर काढायचे आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित जमीन गावाकडे आहे आणि ती दुसरे कोणी वाट्याने, बहुधा तोंडी बोलीवर, कसते. ज्याला पुढच्या वर्षी रान मिळेल की नाही हे ठाऊक नाही, तो त्यात बांध कशासाठी घालील? बांधाचे फळ दहा-वीस वर्षे मालकाच्या जमिनीला मिळणार, तर त्याचा खर्चही मालकाने उचलावा, कसणाऱ्याला चार-पाच वर्षांची हमी द्यावी आणि नवे काही करून पाहताना तोटा आला तर तो अर्धा आपला मानावा. सल्ला देणाऱ्याने जोखमीत वाटा घेतला नाही, तर उत्तम शास्त्रही प्रक्षेत्राच्या कुंपणाबाहेर पडत नाही. सोलापूर-विजापूरच्या त्या प्रयोगांनी हे आपल्याला नव्वद वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.