सायकलचा गिअर आणि श्रमांचा हिशेब

चढ लागला कीं सायकलस्वार खालीं उतरतो, आणि ज्या वाहनानें त्याला न्यावयाचें त्याच वाहनाला तो ढकलीत नेऊं लागतो. मनुष्याच्या पायांची शक्ति एका ठराविक गतीनेंच उत्तम कामीं येते. चढावर पाय मंदावतात. उतारावर त्यांची धांदल उडते. रस्ता बदलला तरी पायांची चाल फारशी बदलूं नये, अशी योजना म्हणजे गिअर. परंतु यंत्रशास्त्रांत फुकट कांहींच मिळत नाहीं. दांता दांत्यावर फिरला कीं घर्षण आलें, आणि घर्षण आलें कीं श्रमांचा कांहीं अंश वायां गेला. हा अंश किती, आणि तो कोणाला परवडतो, हा सायकलच्या इतिहासांतील एक मोठा वाद होय.

इंग्लंडमध्यें विल्यम राइली ह्यानें १८९६ सालीं मागच्या चाकाच्या तुंब्यांत मावणाऱ्या दोन गतींच्या गिअरचें पेटंट घेतलें. पुढें तीन गतींचा गिअरही त्यानेंच योजिला. पण आधींच्या कंपनीशीं झालेल्या करारानें त्याचे हात बांधलेले होते. म्हणून नवें पेटंट जेम्स आर्चर ह्या सहकाऱ्याच्या नांवें निघालें. त्याच सुमारास हेन्री स्टर्मी ह्या सायकलविषयक लेखकानेंही असाच गिअर योजिला होता. नॉटिंगहॅम येथील रॅले कारखान्याचे मालक फ्रँक बाउडेन ह्यांनीं ह्या शोधांचा व्यापार उभारला आणि ‘स्टर्मी-आर्चर’ हें नांव जगभर पसरलें. राइलीचें नांव मात्र तुंब्यावर कधींच कोरलें गेलें नाहीं.

ह्या गिअरची रचना ग्रहमालेसारखी आहे. १९३६ सालीं निघालेल्या ‘ए-डब्ल्यू’ नमुन्यांत आंसावर वीस दांत्यांचें सूर्यचक्र पक्कें बसविलेलें असतें. त्याच्याभोंवतीं तितक्याच दांत्यांचीं ग्रहचक्रें फिरतात, आणि सर्वांना वेढणाऱ्या कंकणाला आंतून साठ दांते असतात. साखळीनें कंकण फिरवावें आणि ग्रहचक्रांच्या चौकटीनें तुंबा फिरवावा, म्हणजे साखळीच्या चक्राच्या चार फेऱ्यांस चाकाच्या तीन होतात. चढ हलका होतो. उलट, साखळीनें चौकट व कंकणानें तुंबा फिरविला, तर तीन फेऱ्यांस चार मिळतात. पाठीशीं वारा असतां ही गति उपयोगी पडते. मधल्या गतींत साखळीचें चक्र आणि तुंबा एकाच वेगानें फिरतात आणि ग्रहचक्रांच्या दांत्यांवर भार पडत नाहीं. म्हणजे ह्या गिअरमधील जादा घर्षणाची किंमत मुख्यतः दोन टोंकांच्या गतींत द्यावी लागते.

फ्रान्समध्यें वाद वेगळ्याच वळणावर गेला. सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिवी हे ‘वेलोसिओ’ ह्या टोपणनांवानें अनेक गतींचा पुरस्कार करीत. उलट, १९०३ सालीं ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज ह्यांना गिअर ही उतारवयाची सोय वाटे. शर्यत पायांच्या बळावर जिंकावी, असें त्यांचें मत होतें. त्या शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या डिरेलरला मोकळीक मिळाली ती १९३७ सालीं. डिरेलरमध्यें साखळी व चाक ह्यांच्या मध्यें दांत्यांची दुसरी मालिका येत नाहीं. म्हणून शर्यतवाल्यांनीं तोच जवळ केला. तुंब्यांतील गिअर राहिला तो रोज कामावर जाणाऱ्यांकडे.

नुकसान तरी किती? चेस्टर काइल व फ्रँक बर्टो ह्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तुंब्यांतील गिअर डिरेलरपेक्षां साधारणतः दोन टक्क्यांनीं उणे ठरले. भार वाढला कीं नुकसानीचें प्रमाण घटतें, हेंही त्यांत दिसून आलें. शर्यतींत दोन टक्क्यांनीं जयापजय ठरूं शकतो. पण तुंब्यांतील दांते तेलांत बुडून बंद राहतात, त्यांना चिखल-पाऊस लागत नाहीं, आणि सायकल उभी असतांनाही गति बदलतां येते. ह्या गोष्टी प्रयोगशाळेंतील मापांत धरल्या जात नाहींत.

त्या रस्त्यावर मोजल्या गेल्या. १९३९ सालीं टॉमी गॉडविन ह्या इंग्रज सायकलस्वारानें एका वर्षांत ७५,०६५ मैल कापले. रोजची सरासरी दोनशें मैलांहून अधिक पडली. त्या वर्षाचा बराच काळ त्याच्या रॅले सायकलच्या मागच्या चाकांत स्टर्मी-आर्चरचा चार गतींचा गिअर होता. महायुद्ध सुरू झालें, रात्रीं दिव्यांवर बंदी आली, तरी त्याची फेरी थांबली नाहीं. तो विक्रम २०१६ पर्यंत टिकला.

कार्यक्षमतेचा आंकडा खरा असतो. पण तो ज्या कामासाठीं मोजला त्याच कामाचा असतो. एका दिवसाच्या शर्यतींत वांचलेली शक्ति श्रेष्ठ ठरते. वर्षभराच्या वाटचालींत न बिघडणारें यंत्र श्रेष्ठ ठरतें. राइलीनें चाकाच्या तुंब्यांत दांते बसविले, ते ह्या दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशाच्या कामीं आले.