देशमुख, गणपतराव

(१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते. जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले आणि १९६२ मध्ये प्रथम आमदार झाले. त्यानंतर १९७२ आणि १९९५ या दोनच निवडणुकांत ते हरले. दुसरा पराभव तर दोनशेहूनही कमी मतांचा. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर आघाडी सरकारात ते काही काळ मंत्री होते. पण ‘आबासाहेब’ या नावाने परिचित असलेल्या देशमुखांची खरी ओळख मंत्रिपदाने झाली नाही, ती पाण्याच्या लढ्याने झाली.

सांगोला ज्यात येतो तो माणदेश हा कायम टंचाईचा टापू. पाऊस तोकडा, माण नदी बहुतेक वर्षभर कोरडी. कृष्णेचे पाणी उचलून या माळावर आणावे, या मागणीसाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षे चालवल्या. कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी सांगोला तालुक्यात पोहोचले, त्यामागे हा चिवट पाठपुरावा आहे. सांगोल्याची सहकारी सूतगिरणीही त्यांनीच उभी केली.

साधा पोशाख आणि एसटीतली आमदारासाठी राखलेली जागा, अशा थाटात ते अधिवेशनाला जात. पक्ष राज्यात आकसत गेला, तरी त्यांनी पक्षाचा लाल बावटा सोडला नाही. वयोमानामुळे २०१९ मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. सोलापुरात उपचार सुरू असताना त्यांचे निधन झाले.