गायकाची भूमिका आणि भूमिकेतील गाणे

सिल्वासाला जवळचे रेल्वेस्थानक वापीचे. तेथून उत्तरेस जाणारा लोहमार्ग सुरत व भडोच ओलांडून बडोद्यास पोहोचतो. मराठी संगीत नाटकाचा इतिहास बहुधा पुण्या-मुंबईच्या अंगाने लिहिला जातो. परंतु भूमिका गवयाला द्यावी की नटाला, या त्यातील जुन्या प्रश्नाचा माग काढू लागले की वाट बडोद्यास जाते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. 1882 मध्ये ‘सौभद्रा’तील सुभद्रेसाठी त्यांना भाऊराव कोल्हटकर लाभले ते बडोद्याचे. निवड गळ्यासाठी झाली होती; अभिनय मागाहून घडला. त्या काळातील पदे संख्येने पुष्कळ, पण आटोपशीर असत. साकी, दिंडी, कामदा अशा चालींतून पात्र आपले म्हणणे मांडी आणि कथा पुढे सरके. त्यामुळे गोड व स्पष्ट गळा पुरेसा होता. ख्यालाची तालीम आवश्यक नव्हती.

दुसरे नाव भास्करबुवा बखले यांचे. बालवयात ते किर्लोस्कर मंडळीत भूमिका करीत. पुढे आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. बडोद्याचे फैज महंमद खाँ, त्यानंतर नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवरा’स त्यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत आल्या. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्याचे रंग आणले होतेच. आता रुक्मिणी साकारणाऱ्या बालगंधर्वांना अभिनय आणि रागविस्तार ही दोन्ही ओझी एकदम वाहावी लागली. ती त्यांनी लीलया वाहिली; पण प्रत्येकालाच ते साधणारे नव्हते.

ग्रंथालयातील जुनी नाट्यपुस्तके उघडली, तर पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली आढळते. पद किती वेळ चालेल, हे मात्र कोठेही छापलेले नसते. तो अधिकार गायकाचा, आणि त्याला ‘वन्समोअर’ देणाऱ्या प्रेक्षकाचा. त्या मोकळ्या जागेत तान शिरली, रात्र सरली आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालू लागले. रसिक तृप्त झाले. नाटककाराची कथा मात्र पदाच्या दारात ताटकळत उभी राहिली. संगीत नाटकावरील हा आक्षेप खराच आहे.

तथापि जमेची बाजूही मोठी आहे. दरबारात आणि बैठकीत राहणारा राग तिकीट काढून आलेल्या कारकुना-व्यापाऱ्यांच्या कानी पडला. 8 जुलै 1921 रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. गायकनटांमागे उभा असलेला लोकसमुदाय केवढा होता, हे त्या रात्री दिसले. या भूमीलाही अशाच ऋणाची आठवण आहे. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते. लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकरांचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. लताबाई या बळवंत संगीत मंडळीच्या दीनानाथांच्या कन्या. रंगभूमीने रागदारीला मिळवून दिलेला श्रोता अशा प्रसंगी समाजाच्या कामी आला.

मूळ प्रश्नाची दोन समाधानकारक उत्तरे पुढील पिढीने दिली, आणि दोन्हींचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. 1964 च्या ‘मत्स्यगंधे’त त्यांनी पदे आटोपशीर ठेवली, शिकलेला गळाही कथेच्या मापात राहिला. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’त पुरुषोत्तम दारव्हेकरांनी उलट वाट धरली. तेथे कथाच घराण्याच्या अभिमानाची आणि विद्येच्या ईर्ष्येची असल्याने खाँसाहेबांची तान हाच त्यांचा संवाद ठरला. वसंतराव देशपांडे यांची गायकी त्या पात्राला बाहेरून चिकटवलेली वाटली नाही. 2010 मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी हीच भूमिका पुन्हा उभी केली.

आज ‘सौभद्र’ वा ‘स्वयंवर’ बसवू इच्छिणाऱ्या मंडळींना गायक शोधावा लागतो, आणि तो मिळाला की निम्मे काम झाले असे वाटते. वस्तुतः खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. त्याला रागाची बढत येते की नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. समोरचे पात्र उत्तराची वाट पाहत आहे, याचे भान ठेवून तो तान आवरू शकतो का, हे पाहिले पाहिजे. शब्द स्वच्छ उच्चारणारा आणि योग्य जागी थांबणारा गळाच भूमिकेला न्याय देतो. पुस्तकात न छापलेली पदाची लांबी ठरवणे हा गायकाचा अधिकार आहे. नाटकाशी इमान राखून तो वापरणे हे त्याच्या विद्येचे शेवटचे अंग होय.