विषुववृत्तीय बैठकीचा उन्नतांश बोल्ट

विषुववृत्तीय बैठकीचा उन्नतांश बोल्ट हा दुर्बिणीच्या बैठकीतील ध्रुवाक्षाचा क्षितिजाशी असलेला कोन कमी-अधिक करणारा आणि तो कोन पक्का धरून ठेवणारा भाग आहे. हा कोन निरीक्षणस्थळाच्या अक्षांशाइतका असावा लागतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत तो सुमारे २० अंश येतो. बोल्ट वाकला, त्याचे आटे झिजले किंवा तो गंजून अडकला, तर ध्रुवाक्ष खगोलीय ध्रुवाकडे अचूक रोखता येत नाही आणि दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग नीट फिरत नाही.

रचना

पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे खगोलीय ध्रुवाभोवती फिरताना दिसतात. बैठकीचा एक अक्ष त्या ध्रुवाकडे रोखला, तर केवळ त्याच अक्षाभोवती दुर्बीण फिरवून तारा दृष्टिक्षेत्रात ठेवता येतो. या प्रकारातील प्रचलित ‘जर्मन’ रचना योजेफ फ्राउनहोफर याने डोर्पाट (आजचे तार्तू, एस्टोनिया) येथील १८२४ सालच्या दुर्बिणीसाठी वापरली. हौशी निरीक्षकांच्या बहुतेक लहान बैठका आजही त्याच धर्तीच्या असतात.

लहान बैठकीचा वरचा भाग एका आडव्या खिळीभोवती पुढे-मागे कलतो. खिळीच्या खाली त्या भागाला एक जीभ असते आणि तिला उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी एकेक बोल्ट टेकलेला असतो. दक्षिणेकडील बोल्ट आत शिरला की जीभ उत्तरेकडे ढकलली जाते व ध्रुवाक्षाचे उत्तर टोक वर उचलले जाते. उत्तरेकडील बोल्ट ते खाली आणतो. उचलण्याचे काम दक्षिणेकडील बोल्टाचे असल्याने भारही मुख्यतः त्याच्यावरच पडतो, आणि बिघाडही बहुधा त्याच्यातच आढळतो.

कमी अक्षांशावरील भार

तोल साधलेल्या दुर्बिणीचा व प्रतिभाराचा एकत्रित गुरुत्वमध्य ध्रुवाक्षावर असतो. खिळीपासून तो जितका पुढे, तितका अक्ष खाली पाडणारा जोर अधिक. आणि हा जोर अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात बदलतो. लंडनच्या ५१.५ अंशांवर कोज्या ०.६२, तर डहाणूच्या २० अंशांवर ०.९४ आहे. म्हणजे तीच दुर्बीण व तीच बैठक डहाणूत बोल्टावर लंडनच्या सुमारे दीडपट जोर आणते. शिवाय अक्ष इतका आडवा झाल्यावर अनेक बैठकांत जीभ तिरकी होते आणि बोल्टाचे टोक तिच्यावर काटकोनात न टेकता घसरू लागते. दाब सहन करण्यासाठी घातलेला बोल्ट मग वाकण्याचा ताण सोसतो. मध्यम अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या बैठकांची ही उणीव कोकणात व एकूणच महाराष्ट्रात सोसावी लागते. प्रतिभाराचा दांडाही या कोनात तिपाईच्या पायाला अडू शकतो. त्यासाठी तिपाई व बैठक यांच्यामध्ये जोडखांब बसवतात.

मोठ्या वेधशाळांनाही अक्षांशाचा हा हिशेब चुकत नाही. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतील ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश व कोडाईकनालचा १०.२ अंश असल्याने तेथे ध्रुवाक्ष ८ अंशांहून अधिक खाली आणणे क्रमप्राप्त होते. जुन्नरजवळील गिरवली येथील आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीपुढे हा प्रश्न नाही, कारण तिची बैठक उन्नतांश-दिगंश पद्धतीची असून दोन्ही अक्ष संगणकाच्या साहाय्याने एकाच वेळी फिरवले जातात.

बिघाडाची कारणे

सर्वांत सामान्य कारण हाताळणीचे आहे. समोरचा बोल्ट सैल न करताच दुसरा आवळला, तर दोन्ही बोल्ट जिभेमार्फत एकमेकांना रेटतात आणि जो मऊ तो वाकतो. पान्याच्या दांड्याला नळी जोडून जोर वाढवणे हा यावरचा उपाय नसून बहुधा ओतीव ॲल्युमिनियममधील आटे उखडण्याची सुरुवात असते.

दुसरे कारण हवेचे. डहाणू, घोलवड, बोर्डी ही गावे समुद्रालगत आहेत. खारी दमट हवा साध्या पोलादी बोल्टाचा मुलामा खाते, आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात ओलावा साचला की ॲल्युमिनियमही झिजून पांढरी भुकटी धरते. पावसाळ्याचे चार महिने पेटीत बंद राहिलेली बैठक हिवाळ्यात उघडल्यावर बोल्ट हलत नाही, असे त्यामुळेच घडते. तलासरी किनाऱ्यापासून आत असल्याने तेथे खारेपणा कमी असला, तरी पावसाळी दमटपणा असतोच.

तपासणी

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. डहाणूहून तो उत्तर क्षितिजावर, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतक्या उंचीवर दिसतो. तो दृष्टिक्षेत्रात घेऊन बैठक हलकेच दाबावी. तारा सरकून परत जागेवर आला नाही, तर बोल्टात ढिलाई आहे. बाहेर काढलेला बोल्ट सपाट काचेवर घरंगळवल्यास वाक लगेच कळतो.

उन्नतांशातील चूक ताऱ्याच्या सरकण्यावरूनही ओळखता येते. पूर्व क्षितिजाजवळचा तारा हळूहळू दक्षिणेकडे सरकत असेल तर ध्रुवाक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकत असेल तर वर आहे. अक्ष १० कलांनी चुकला, तर हे सरकणे मिनिटाला २.६ विकलांपर्यंत जाते. पाच मिनिटांच्या छायाचित्रात ते १३ विकला होते, म्हणजे गुरूच्या बिंबाच्या साधारण एक तृतीयांश. डहाणू व तलासरी या गावांच्या अक्षांशांतील फरकही जवळपास इतकाच, सुमारे १० कलांचा आहे. बोल्टाच्या आट्यांचे अंतर १.५ मिमी आणि खिळीपासून बोल्टाचे अंतर ८६ मिमी असेल, तर एका फेऱ्यात अक्ष १ अंश हलतो. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना लागते ती फेऱ्याच्या सहाव्या भागाएवढी दुरुस्ती. वाकलेला बोल्ट इतकी बारीक हालचाल देत नाही: तो आधी अडतो आणि मग एकदम उडी मारतो.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी प्रथम दुर्बिणीची नळी व नंतर प्रतिभार उतरवतात. क्रम उलटा झाल्यास दुर्बीण भाराने फिरून आदळू शकते. गंजलेल्या बोल्टाच्या आट्यांत झिरपणारे तेल सोडून काही तास थांबावे. वाकलेला भाग आट्यांतून ओढून काढल्यास ओतीव भागातील आटे जातात, म्हणून वाकलेले टोक आतल्या बाजूने कापून उरलेला सरळ भाग बाहेर घेणे श्रेयस्कर. आटे गेलेच असतील, तर छिद्र मोठे करून नवे आटे पाडतात व त्यात तारेची आटेदार गुंडाळी बसवतात. हे काम लेथ कारखान्यात होऊ शकते.

नवा बोल्ट निवडताना ताकद व गंजरोध यांत निवड करावी लागते. ८.८ वर्गाचा पोलादी बोल्ट सुमारे ६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. ए२-७० वर्गाच्या स्टेनलेस बोल्टाची हीच मर्यादा ४५० आहे. किनाऱ्यावर खाऱ्या हवेला अधिक दाद न देणारा ए४ वर्गाचा स्टेनलेस बोल्ट सोयीचा. जड दुर्बिणीला मात्र ८.८ वर्गच घेऊन तो ग्रीसने माखलेला ठेवणे हिताचे. बोल्टाच्या टोकाला पितळी टोपी बसवल्यास जिभेवर खळगा पडत नाही. समायोजन करताना अक्ष प्रथम थोडा खाली आणून शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करतात, म्हणजे आट्यांतील ढिलाई भाराने आपोआप दाबली जाते. त्यानंतर समोरचा बोल्ट केवळ टेकेपर्यंत आवळावा.