खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय?

ज्याचं मीठ खावं त्याला जागावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ज्या कंपनीचा पगार आपल्या घरात येतो, तिच्याच मालामुळे दूर कुठेतरी कुणाच्या पायात बेडी पडत असेल, तर? आज आम्ही अशाच एका प्रसंगाचा इतिहास सांगणार आहोत.

साल १९७०. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात पोलरॉइड नावाची मोठी कंपनी होती. तिच्या कॅमेऱ्यातून फोटो मिनिटभरात तयार होऊन हातात यायचा. कंपनीचं नावही चांगलं होतं. काळ्या लोकांना नोकरी देण्यात ती इतरांच्या पुढे होती. कॅरोलाइन हंटर ही रसायनशास्त्र शिकलेली काळी तरुणी तिथेच कामाला होती. एक दिवस जेवायला निघताना तिला आणि तिचा सहकारी केन विल्यम्स याला ओळखपत्राचा एक नमुना दिसला. त्यावर नाव होतं दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं.

त्या देशात तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरताना फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे. पास नसला की अटक. याच पासांविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियात सरकारच्या दारावर गेल्या होत्या. पासावरचे फोटो काढायला आपल्याच कंपनीचा माल वापरला जातो, हे कॅरोलाइन आणि केनच्या ध्यानात आलं.

दोघांनी कंपनीत पत्रकं लावली. कंपनीनं आधी हात झटकले. मग गोऱ्या-काळ्या कर्मचाऱ्यांचं एक पथक दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. जानेवारी १९७१ मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन कंपनीनं सांगितलं, की तिथल्या सरकारला माल विकणार नाही, वितरकाकडच्या काळ्या कामगारांचे पगार सुधारू, शिक्षणाला मदत करू. पण धंदा चालू ठेवू.

बहुतेक सहकाऱ्यांना हे पटलं. ती माणसं काही दुष्ट नव्हती. आपली कंपनी चांगली, आपला वाटा लहान, आपण नाही विकलं तर दुसरा विकेल, असं सगळेच म्हणू लागले की ते खरंच वाटायला लागतं. आम्हाला वाटतं, वाईट मालकापेक्षा चांगल्या मालकाला प्रश्न विचारणं जास्त जड जातं. उपकाराची जाणीवच तोंड धरून ठेवते.

कॅरोलाइन आणि केन मात्र पूर्ण माघारीच्या मागणीवर ठाम राहिले. कंपनीच्या मालावर बहिष्कार घाला, असं त्यांनी लोकांना सांगितलं. संयुक्त राष्ट्रांपुढे जाऊन साक्ष दिली. केननं नोकरी सोडली. कॅरोलाइनला आधी बिनपगारी घरी बसवलं, मग कामावरून काढलं.

पुढे १९७७ मध्ये उघडकीला आलं, की तिथला वितरक सरकारला चोरून माल पुरवतच होता. तेव्हा कुठे पोलरॉइडनं त्याच्याशी संबंध तोडले. पासाचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. ते काही या दोघांमुळेच नव्हे. त्यामागे आफ्रिकेतल्या असंख्य बायकापुरुषांचा लढा होता. पण दूरच्या एका कारखान्यातून त्या लढ्याला साथ मिळाली, ती अशी.

मैत्रिणींनो, कॅरोलाइननं कंपनीची कुठलीही वस्तू चोरली नाही, कामात कुचराई केली नाही. आपल्या हातचा माल कुठे जातो आणि तिथे काय करतो, एवढंच तिनं विचारलं. आपणही कुणी कारखान्यात पॅकिंग करतो, कुणी कंपनीसाठी घरी बसून शिवतो, कुणी कर्जाचे हप्ते गोळा करतो. उद्या आपल्यातली एखादी उठून असाच प्रश्न विचारेल. तेव्हा ‘मीठ खाऊन उलटली’ असं म्हणण्याआधी तिचा प्रश्न खरा आहे का, ते आपण सगळ्यांनी मिळून पाहू या. तिला एकटी पाडायला बाकीच्या गप्प राहिल्या तरी पुरतं.